आयबी डिप्लोमा सुरू असताना विषय कसा बदलायचा

मुंबई-पुण्यातल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांत डिप्लोमाचं पहिलं वर्ष, म्हणजे डीपी-१, जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं. पहिले काही आठवडे सगळंच नवं असतं. मग पहिली युनिट टेस्ट होते, गणपतीची सुट्टी येते, आणि सुट्टीनंतर डीपी समन्वयकांच्या केबिनबाहेर मुलं उभी दिसायला लागतात. कुणाला फिजिक्स सोडायचं असतं, कुणाला गणिताची पातळी खाली आणायची असते, कुणाच्या घरी सुट्टीत अचानक मेडिकलचं ठरलेलं असतं.

विषय बदलता येतो. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि चुकीचा विषय दोन वर्षं ओढत नेण्यापेक्षा वेळेत बदललेला केव्हाही चांगला. पण या अभ्यासक्रमात सहा विषय एकमेकांत अडकवलेले असतात. एक हलवला की दुसरा हलतो. अकरावी-बारावीच्या बोर्डाची सवय असलेल्या घरांत नेमकं हेच लक्षात येत नाही. म्हणून विषय अवघड जातोय की आवडत नाही हे ठरवण्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडा: बदलानंतर डिप्लोमाचा सांगाडा टिकतो का, पुढच्या प्रवेशाचं कोणतं दार बंद होतं, आणि तुम्ही किती तास मागे पडणार आहात. या तिन्हींची उत्तरं मिळाली की निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो.

सांगाडा

डिप्लोमात सहा गट असतात: पहिली भाषा व साहित्य (भाषा ए), दुसरी भाषा (भाषा बी किंवा नवशिक्यांची अब इनिशिओ), समाजशास्त्रं, विज्ञान, गणित आणि कला. प्रत्येक गटातून एक विषय. कला नको असेल तर तिच्या जागी दुसऱ्या गटातला आणखी एक विषय घेता येतो, आणि आपल्याकडची बहुतेक मुलं तिथे दुसरं विज्ञान किंवा दुसरं समाजशास्त्र घेतात. सहापैकी तीन विषय वरच्या पातळीवर, म्हणजे एचएल, आणि तीन साध्या पातळीवर, म्हणजे एसएल. चार एचएल आणि दोन एसएलही चालतात. एचएलला आयबीने २४० तास शिकवणं धरलं आहे, एसएलला १५०. प्रत्येक विषयाला ७ पैकी गुण, म्हणजे ४२, आणि टीओके (थिअरी ऑफ नॉलेज) व एक्स्टेंडेड एसे (दीर्घ संशोधन निबंध) मिळून ३. एकूण ४५.

डिप्लोमा मिळायला किमान २४ गुण लागतात, पण २४ झाले म्हणजे झालं असं नाही. तीन एचएल विषयांत मिळून किमान १२ आणि तीन एसएलमध्ये मिळून किमान ९ हवेत. चार एचएल घेतले असतील तर त्यांतले सर्वांत जास्त तीन धरतात आणि उरलेल्या दोन एसएलमध्ये मिळून ५ पुरतात. कुठल्याही विषयात १ मिळाला तर डिप्लोमा नाही. एखाद्या विषयाचं अंतर्गत काम, म्हणजे आयए, जमाच केलं नाही तर त्या विषयाला ग्रेड मिळत नाही, आणि तेव्हाही डिप्लोमा नाही. विषय बदलताना हा शेवटचा नियम डोक्यात पक्का ठेवा. उशिरा आलेल्या मुलाच्या हातून सुटतं ते बहुतेक वेळा हेच काम.

आता सांगाडा म्हणजे काय ते एका उदाहरणात पाहू. समजा विषय असे आहेत: इंग्रजी ए (लँग्वेज अँड लिटरेचर) एसएल, स्पॅनिश अब इनिशिओ एसएल, इकॉनॉमिक्स एसएल, फिजिक्स एचएल, केमिस्ट्री एचएल, गणित एए (गणिताच्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक, खुलासा पुढे) एचएल. गणित झेपत नाही, ते एसएल करायचं आहे. केलं की एचएल उरले दोनच. म्हणजे उरलेल्या तिघांपैकी एक वर न्यावाच लागणार. स्पॅनिश नेता येत नाही, कारण अब इनिशिओ हा अगदी नवशिक्यांचा अभ्यासक्रम फक्त एसएललाच असतो. उरले इंग्रजी आणि इकॉनॉमिक्स. इकॉनॉमिक्स एचएलला तिसरा पेपर वाढतो, आणि बाजारातली मक्तेदारी, असमान माहितीमुळे होणारं बाजाराचं अपयश अशी एसएलला नसलेली प्रकरणं येतात. इंग्रजी एचएलला चारऐवजी सहा साहित्यकृती, पहिल्या पेपरात एकाऐवजी दोन उताऱ्यांचं विश्लेषण आणि १२०० ते १५०० शब्दांचा एचएल निबंध. ज्याला लिहिण्याची सवय आहे त्याला इंग्रजी सोपं, ज्याला आकृत्या काढून युक्तिवाद करायला आवडतं त्याला इकॉनॉमिक्स. पण गणिताचं ओझं उतरवताना दुसरं ओझं उचलावं लागतंय, हे या टप्प्यावर मुलाला आणि घरच्यांना स्पष्ट दिसायला हवं.

याच कारणाने काही मुलं सुरुवातीलाच चार एचएल घेऊन ठेवतात. नंतर एक खाली आणला तरी दुसरा वर न्यावा लागत नाही. ज्याचा निर्णय खरोखर अडलेला आहे त्याला ही युक्ती सुचवायला हरकत नाही. मात्र पहिले तीन-चार महिने आठवड्याला दीड तास वर्ग जास्त आणि त्याच्या दुप्पट गृहपाठ जास्त, हे गृहीत धरूनच.

कोणता बदल किती जड

एचएलवरून एसएल हा सगळ्यांत हलका बदल. बऱ्याच शाळांत दोन्ही पातळ्या एकाच वर्गात शिकवतात आणि एचएलची मुलं जादा तासांना थांबतात, त्यामुळे वर्ग, शिक्षक, पुस्तक काहीच बदलत नाही. तरी दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली, क्रम. काही शाळा गणित एए एचएलला कॉम्प्लेक्स नंबर आणि इंडक्शनसारखी प्रकरणं आधी घेतात. तेवढ्यात एसएलच्या वर्गाने सांख्यिकी संपवलेली असते. खाली आलात म्हणून मागे काही राहिलं नाही असं समजू नका. दोन्ही वर्गांची झालेल्या प्रकरणांची यादी शेजारी ठेवून पाहा. दुसरी, पेपरचा साचा. गणित एए एचएलला १२० मिनिटांचे दोन पेपर आणि शिवाय तिसरा पेपर असतो. एसएलला ९० मिनिटांचे दोनच आणि प्रत्येकाला ४० टक्के वजन. सराव एसएलच्या जुन्या पेपरांवरच करा.

एसएलवरून एचएल हा बदल दिसतो त्यापेक्षा जड असतो. फिजिक्स घ्या. २०२५ पासून परीक्षा सुरू झालेल्या अभ्यासक्रमात फिजिक्सचे ए ते ई असे पाच विभाग आहेत. एसएल आणि एचएलला बराच भाग सामाईक आहे, पण रिजिड बॉडी मेकॅनिक्स, सापेक्षता, थर्मोडायनॅमिक्स, इंडक्शन आणि क्वांटम फिजिक्स ही पाच प्रकरणं पूर्णपणे एचएलची. शिवाय सामाईक वाटणाऱ्या प्रकरणांतही मध्येच एचएलचे परिच्छेद येतात: सिंपल हार्मोनिक मोशनची समीकरणं, गुरुत्वीय पोटेन्शियल, डॉप्लरची सूत्रं. मुलं पाच प्रकरणं भरून काढतात आणि हे परिच्छेद विसरतात. मग सराव परीक्षेत ‘हे आम्हाला शिकवलंच नव्हतं’ असं होतं. सब्जेक्ट गाइडमध्ये, म्हणजे त्या विषयाच्या आयबीच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत, एचएलचा जादा भाग वेगळा दाखवलेला असतो, त्यावर मार्करने खूण करून घ्या.

गणितातला एए आणि एआय हा बदल वेगळाच. एए म्हणजे ॲनालिसिस अँड अप्रोचेस, एआय म्हणजे ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन. दोन्ही २०१९ पासून शिकवले जातात आणि त्यांचा साधारण ६० तासांचा भाग सामाईक आहे, म्हणून पहिल्या सत्रात बदल सुरळीत होतो. एआयला सगळ्या पेपरांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतो, एएचा पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय. एएमधून एआय एसएलला येणाऱ्या मुलाला व्होरोनॉय आकृती, काय-स्क्वेअर आणि टी-टेस्ट, स्पिअरमन सहसंबंध, कर्जाचे हप्ते ही प्रकरणं नवी असतात. त्यातलं गणित अवघड नाही, पण कॅल्क्युलेटरवर हात बसलेला नसतो आणि गुण तिथेच जातात. एए एचएलमधून एआय एचएलला ‘सोपं पडेल’ म्हणून जाऊ नका. मॅट्रिक्स, ग्राफ थिअरी, ट्रान्झिशन मॅट्रिक्स हा भारी अभ्यासक्रम आहे. फक्त त्याची जात वेगळी आहे.

पूर्ण नवा विषय घेणं सर्वांत महाग, पण सगळे विषय सारखे महाग नाहीत. बिझनेस मॅनेजमेंट किंवा इकॉनॉमिक्स एसएलला दिवाळीपर्यंत नवा मुलगा सामावतो, कारण पहिली प्रकरणं वाचून भरता येतात. एन्व्हायर्न्मेंटल सिस्टिम्स अँड सोसायटीज, म्हणजे ईएसएस, हा विषय तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही गटांत धरता येतो, त्यामुळे सांगाडा जुळवताना तो हुकमी पत्ता ठरतो. २०२४ पासून तो एचएललाही शिकवला जातो. विज्ञानाच्या विषयांत पुस्तक वाचून भागत नाही, प्रयोगांचे तास मोजले जातात: एसएलला ४०, एचएलला ६०. त्यातले १० तास सर्व विज्ञानांच्या एकत्रित प्रकल्पाचे असतात आणि तो वर्गासोबतच करावा लागतो. व्हिज्युअल आर्ट्स उशिरा घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे गुण महिनोन्‌महिने साठत जाणाऱ्या कामाला असतात, आणि न केलेले महिने उभे करता येत नाहीत.

भाषेबद्दल एक सूचना. अब इनिशिओ त्या भाषेची ओळख नसलेल्यांसाठी आहे. सहावीपासून फ्रेंच शिकलेल्या मुलाला ‘सोपे गुण’ म्हणून तिथे बसवता येत नाही. शाळेने तसं केलं तर आयबीच्या नियमाचा भंग होतो. त्याने फ्रेंच बी एसएललाच जावं. परदेशातल्या मराठी घरांसाठी वेगळी वाट आहे. शाळेत शिक्षक नसलेल्या मातृभाषेत लिटरेचर ए हा विषय शाळेच्या देखरेखीखाली स्वतः शिकता येतो. तो फक्त एसएललाच असतो आणि आयबीकडे भाषेची मागणी खूप आधी नोंदवावी लागते. दोन्ही भाषा ए पातळीवर घेऊन दोन्हींत किमान ३ मिळाले तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो.

किती उशीर म्हणजे फार उशीर

वर्गातून वर्गात जाण्याची शेवटची तारीख शाळा ठरवते. बहुतेक ठिकाणी पहिले सहा ते आठ आठवडे मोकळीक असते आणि नंतर प्रत्येक बदलाला समन्वयकांची खास परवानगी लागते. तारीख शाळेच्या डीपी हँडबुकमध्ये लिहिलेली असते, तिथे पाहा. पण खरी मर्यादा तासांची.

दोन वर्षांत सुट्ट्या, परीक्षा वगळून शिकवण्याचे साधारण ६० आठवडे धरले, तर एचएलला आठवड्याला ४ तास पडतात आणि एसएलला अडीच. दिवाळीच्या सुमाराला, दहा आठवडे झाल्यावर बदल केला, तर नव्या एचएल विषयाचे ४० तास मागे, नव्या एसएलचे २५, आणि त्याच विषयात एसएलवरून एचएल केलं तर १५. फेब्रुवारीत, बावीस आठवड्यांनी, हेच आकडे ८८, ५५ आणि ३३ होतात. शनिवार-रविवार मिळून जादाचे ४ तास खरोखर निघतात असं धरा (त्याहून जास्त निघत नाहीत, टीओके आणि कॅस, म्हणजे कला-खेळ-सेवेचं वर्गाबाहेरचं सक्तीचं काम, यांचे तासही तिथेच असतात). ४० तास दहा आठवड्यांत भरतात. ८८ तासांना बावीस आठवडे लागतात, म्हणजे अख्खी उन्हाळी सुट्टी धरूनही ओढाताण.

म्हणून ढोबळ नियम असा: नवा एचएल विषय दिवाळीपर्यंत, नवा एसएल नाताळपर्यंत, एसएलवरून एचएल पहिल्या वर्षाच्या मार्चपर्यंत. एचएलवरून एसएल दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाही जमतं.

पुढचं दार

हा भाग घाईत उरकू नका. शाळा बदलाला हो म्हणते तेव्हा डिप्लोमाचे नियम पाळले जातात एवढीच खात्री देते. विद्यापीठाचं काय, ते तुम्हीच पाहायचं आहे.

भारतात शिकायचं असेल तर आयबी डिप्लोमाला बारावीची समकक्षता एआययू, म्हणजे भारतीय विश्वविद्यालय संघ, देतो. इंजिनिअरिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी. इथेच आयबीचा सांगाडा आडवा येतो. सहा गट पाळून, कलेची जागा वापरूनही विज्ञानं दोनच बसतात. तिसरं बसवायला ‘नॉन-रेग्युलर डिप्लोमा’ची परवानगी लागते: विद्यापीठाच्या प्रवेशाची अट पुरावा म्हणून दाखवून समन्वयक आयबीकडे अर्ज करतात, आणि मंजुरी मिळाली तर सहसा तिसऱ्या गटातल्या विषयाच्या जागी तिसरं विज्ञान येतं. पहिली भाषा आणि गणित सोडता येत नाही. मेडिकलचं नोव्हेंबरमध्ये ठरलं, तर त्याच आठवड्यात समन्वयकांना भेटा, कारण तुम्हाला नवं विज्ञान मुळापासून, प्रयोगांसकट भरायचं आहे आणि वर परवानगीलाही वेळ जातो. सातवा विषय जादा घेण्याची सोय काही शाळा देतात, पण त्याचे गुण डिप्लोमात धरत नाहीत आणि वेळापत्रकात तो बसवणं फार थोड्यांना जमतं.

‘डिप्लोमा सोडून नुसते डीपी कोर्सेस करू’ असा सल्ला अडचणीत आलेल्या मुलाला कधी कधी मिळतो. अमेरिकेच्या काही विद्यापीठांना ते चालेल, पण भारतात परत यायची शक्यता असेल तर समकक्षतेचं उत्तर एआययूकडून लेखी घेतल्याशिवाय तिकडे वळू नका.

परदेशात अटी विषयानुसार आणि पातळीनुसार असतात. केम्ब्रिजला ज्या अभ्यासक्रमांत गणित सक्तीचं आहे तिथे गणिताचा एए हाच अभ्यासक्रम अपेक्षित असतो. जर्मनीत थेट प्रवेशासाठी गणित एआय एसएल पुरत नाही, आणि गणित किंवा फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीपैकी एक तरी एचएलला असावं लागतं. ईएसएस घेऊन जर्मनीचं स्वप्न पाहणाऱ्यांनी हे आजच तपासावं. तपासायची पद्धत सोपी आहे: मनातल्या पाच अभ्यासक्रमांच्या अधिकृत पानांवर आयबीच्या अटी शोधा, विषय, पातळी आणि लागणारी ग्रेड एका कागदावर लिहा, त्यातला सर्वांत कडक नियम अधोरेखित करा. तुमचा बदल त्याला पुरला पाहिजे. शंका असेल तर प्रवेश कार्यालयाला ईमेल पाठवा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

कुणाला, कोणत्या क्रमाने भेटायचं

सर्वांत आधी सध्याच्या विषयाच्या शिक्षकांना. बरीच मुलं संकोचाने त्यांना शेवटी सांगतात, आणि तिथेच गाडं अडतं, कारण फॉर्मवर त्यांची सही लागते. ‘सर, मला एचएल झेपत नाहीये, तुम्हाला काय वाटतं?’ एवढं विचारा. पहिल्या टेस्टला ३ किंवा ४ मिळणं अगदी सामान्य आहे. नेमक्या कशामुळे गुण गेले हे उत्तरपत्रिकेवर त्यांनी दाखवलं की कधी कधी प्रश्न विषयाचा नसून लिहिण्याच्या पद्धतीचा निघतो. दोन आठवडे जादा मदत घेऊन पाहा. तरीही तेच, तर पुढे चला.

मग नव्या विषयाच्या शिक्षकांना. त्यांना चार प्रश्न विचारा: आतापर्यंत कोणती प्रकरणं झाली, आयएचं वेळापत्रक काय, वर्गात जागा आहे का, आणि मी आलो तर पहिल्या महिन्यात काय भरून द्यावं लागेल. शक्य असेल तर दोन तास त्या वर्गात नुसतं बसून या. पुस्तक चाळून विषय जितका कळत नाही तितका एका तासात कळतो.

मग वेळापत्रक. शाळा विषय ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तासांच्या गटांत, लावतात. तुमचं केमिस्ट्री आणि हवं असलेलं बिझनेस मॅनेजमेंट एकाच ब्लॉकमध्ये असेल तर बाकी सगळं जुळूनही बदल होत नाही. हे समन्वयकांकडे पाच मिनिटांत कळतं, म्हणून घरी मोठी चर्चा करण्याआधी विचारून घ्या. त्यानंतर समुपदेशक, पालकांसह बैठक आणि शेवटी फॉर्म. त्यावर सहसा विद्यार्थी, पालक, दोन्ही शिक्षक, समुपदेशक आणि समन्वयक अशा सह्या असतात. शेवटची सही होईपर्यंत जुन्या वर्गात बसत राहा आणि तिथला गृहपाठ देत राहा. बदल नामंजूर झाला तर मधले दोन आठवडे तुमचे गेलेले नकोत.

सही झाली त्याच दिवशी मॅनेजबॅक किंवा शाळेची जी प्रणाली असेल तिथे नव्या वर्गात नाव आलं का पाहा. नाव जुन्याच वर्गात राहिलं तर नव्या विषयाच्या आयएच्या सूचना तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत.

मागे राहिलेलं भरून काढणं

सब्जेक्ट गाइड मागून घ्या. मुखपृष्ठावर पहिल्या परीक्षेचं वर्ष छापलेलं असतं. तुमच्या परीक्षेला लागू असलेलीच आवृत्ती हवी. मोठ्या भावाबहिणीची पुस्तकं इथे दगा देतात. विज्ञानाची २०२५ च्या आधीच्या परीक्षांची पुस्तकं जुन्या अभ्यासक्रमाची आहेत, त्यातले ऑप्शन आणि तिसरा पेपर आता नाहीत.

गाइडमधल्या उपप्रकरणांची यादी वहीत उभी लिहा आणि शेजारी चार रकाने आखा: वर्गात झालं, मी वाचलं, प्रश्न सोडवले, शिक्षकांनी तपासलं. वर्ग आज जिथे आहे तिथपासून तुम्ही वर्गाबरोबर चाला आणि मागचं वेगळ्या वेळी भरा. पहिल्या प्रकरणापासून क्रमाने सुरुवात करण्याची चूक फार जण करतात. तसं केलं की वर्ग पुढे जात राहतो आणि तुम्ही कायम दोन महिने मागे. मागचं भरतानाही आज वर्गात चाललेल्या प्रकरणाला जे लागतं ते आधी: फिजिक्समध्ये क्षेत्रं (फील्ड्स) शिकवत असतील तर आधी बल आणि ऊर्जा भरा, ताऱ्यांची उत्क्रांती नंतर.

चौथा रकाना रिकामा राहू देऊ नका. दर दोन आठवड्यांनी शिक्षकांकडून एक छोटी टेस्ट मागून घ्या. दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये ते तुमची प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे अंतिम निकालाचा अंदाज, ठरवतील, तेव्हा त्यांच्याकडे तुमच्या कामाचा पुरावा असायला हवा. पुरावा नसला की ते सावध अंदाज देतात, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

आयए आणि एक्स्टेंडेड एसे

जुन्या विषयात झालेली आयए नव्या विषयात चालत नाही, आणि एकच काम दोन ठिकाणी वापरणं गैरप्रकारात मोडतं. नव्या विषयाची आयए केव्हा सुरू झाली ते पाहा. इकॉनॉमिक्सला ८०० शब्दांची तीन समालोचनं लागतात, तीन वेगळ्या विभागांतून, आणि प्रत्येकासाठी निवडलेली बातमी वर्षभरापेक्षा जुनी चालत नाही. पहिलं समालोचन हुकलं असेल तर ते उन्हाळ्यात लिहून देता येतं. विज्ञानाची आयए एकच, ३००० शब्दांपर्यंत, आणि गुणांत २० टक्के. ती बहुधा पहिल्या वर्षाच्या शेवटी सुरू होते, त्यामुळे लवकर बदलणाऱ्याला अडचण येत नाही. गणिताचं एक्सप्लोरेशन १२ ते २० पानांचं. एए-एआय बदलताना त्याचा विषय नव्या अभ्यासक्रमाच्या पातळीला शोभतो का, हे शिक्षकांना दाखवून घ्या.

एक्स्टेंडेड एसे ४००० शब्दांचा असतो आणि तो स्वतःच्या सहा विषयांपैकी एकात लिहावा असा आयबीचा सल्ला आहे. जो विषय सोडताय त्यातच तो सुरू केलेला असेल, तर पर्यवेक्षकांना लगेच सांगा. प्रश्न नव्या विषयात वळवता येत असेल तर वळवा, नाहीतर नवा घ्या. सोडलेल्या विषयात तो रेटून नेणाऱ्यांना त्या विषयाची भाषा आणि पद्धत मधल्या काळात सुटून जाते आणि ग्रेड घसरते. ई, म्हणजे सर्वांत खालची ग्रेड, आली तर डिप्लोमाच जातो.

दुसऱ्या वर्षात आणि शहर बदलताना

डीपी-२ मध्ये नवा विषय घेऊ नये. पातळी कमी करणं तेवढं शक्य असतं, आणि त्यातही तुमच्याकडे चौथा एचएल असला तरच. परदेशी अर्ज गेले असतील तर जास्त जपावं लागतं. ऑक्सफर्ड, केम्ब्रिज आणि ब्रिटनमधल्या मेडिकलचे अर्ज १५ ऑक्टोबरच्या सुमारास बंद होतात, अमेरिकेचे लवकरचे अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. अर्जात लिहिलेला विषय किंवा पातळी नंतर बदलली तर विद्यापीठाला कळवावंच लागतं. न कळवता निकाल लागला आणि अट एचएलची होती, तर ऑफर जाते.

वडिलांची किंवा आईची बदली झाली म्हणून शाळा बदलत असेल, तर नव्या शाळेला पहिला ईमेल विषयांच्या यादीचा पाठवा. हिंदी बी सगळीकडे नसतं, तुमच्या पातळीचा ब्लॉक नसेल, आणि इंग्रजी ए मध्ये तर नव्या शाळेच्या साहित्यकृतीच वेगळ्या असतात. भारतातल्या शाळांची परीक्षा मे महिन्यात असते, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शाळांची बहुधा नोव्हेंबरमध्ये. तिथे जाताना सहा महिने मागे किंवा पुढे पडाल, ते आधीच हिशोबात धरा. जुन्या शाळेकडून प्रत्येक विषयाची झालेली प्रकरणं, वाचलेल्या साहित्यकृती, प्रयोगांचे तास आणि अर्धवट आयए हे सगळं सहीशिक्क्यासह घेऊनच निघा.

नोंदणीचा कागद

मे महिन्याच्या परीक्षेसाठी शाळा आयबीकडे नावं आणि विषय नोंदवते, त्याची पहिली मुदत आधीच्या वर्षाची १५ नोव्हेंबर. नंतरच्या दुरुस्तीला जादा शुल्क पडतं. वर्षभरापूर्वी विषय बदललेल्या मुलाचं नाव जुन्याच विषयात किंवा जुन्याच पातळीवर नोंदवलं जाणं ही नेहमी घडणारी चूक आहे, कारण यादी बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या फाइलवरून बनते. ऑक्टोबरच्या शेवटी समन्वयकांकडून आपल्या नोंदणीची प्रत मागून घ्या आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचा: सहा विषय, प्रत्येकासमोर एचएल की एसएल, गणितात एए की एआय, भाषेत ए, बी की अब इनिशिओ, एक्स्टेंडेड एसेचा विषय, आणि पासपोर्टवर आहे तसंच नाव. चूक दिसली तर तोंडी सांगून थांबू नका, त्याच दिवशी ईमेल करा, आणि दुरुस्त झालेली प्रत हातात येईपर्यंत दर दोन दिवसांनी विचारत राहा.